आधी डिकी उघडा, बॉनेट नंतर!

ऑफिसच्या कँटीनमध्ये ‘सेकंडहँड गाडी बघतोय’ एवढं नुसतं पुटपुटून बघा. डबा उघडायच्या आत तुमच्याभोवती पाच एक्स्पर्ट गोळा होतात. एक म्हणतो, ‘डिझेल घे बॉस, एसयूव्ही पेट्रोलवर चालवणं म्हणजे पाप!’ दुसरा म्हणतो, ‘डिझेलला हात लावू नकोस.’ तिसऱ्याच्या साडूने मागच्या दिवाळीत घेतलेली गाडी ‘मक्खन’ असते. चौथा सरळ बँकेतल्या मित्राचा नंबर देतो, कारण त्याच्या मते लोन मिळत असताना जुनी गाडी घेणं हेच मुळात डाउनमार्केट. पाचवा काही न बोलता तुमच्या डब्यातली भाजी संपवतो. मला त्याचाच सल्ला जास्त पटला.

या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : मॉडेल कुठलं? माझा प्रश्न वेगळा होता : डिकीत व्हीलचेअर बसते का?

दोन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं वाचलं, डोकं शाबूत राहिलं, उजवी बाजू गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार फिजिओथेरपी. सेंटर घरापासून सात किलोमीटर. अ‍ॅपवर टॅक्सी बोलवावी तर पुण्यातल्या बहुतेक टॅक्सींच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर आडवा पसरलेला असतो. उरलेल्या जागेत लॅपटॉपची बॅग मावते, व्हीलचेअर नाही. ड्रायव्हर लांबूनच खुर्ची बघतो आणि राइड कॅन्सल होते. मग मेव्हण्याची सेडान मागून आणायची. तिची सीट इतकी खाली, की बाबांना काखेत धरून आत सोडायचं आणि सेंटरवर पोचलं की तसंच उपसून बाहेर काढायचं.

बाबा तीस वर्षं शाळेत मास्तर होते. सिंहगड रोडवर आमच्या गल्लीत निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. एकदा गेटसमोर त्यांना असं उचलत होतो, तेव्हा ते हळूच म्हणाले, ‘अरे, गोणीसारखा उचलू नकोस. लोक बघतात.’ त्यानंतर ‘आज नको, उद्या जाऊ’ सुरू झालं. आणि फिजिओत खाडा झाला की पाय आखडतो, हे आम्ही दोनदा अनुभवलं होतं. म्हणजे गाडी हा आमच्याकडे हौसेचा मामला नव्हताच. बाबा घराबाहेर पडणार की खिडकीशी बसून राहणार, एवढाच प्रश्न होता.

आता पैसे. खात्यात साडेपाच लाख. नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही रस्त्यावर यायला अकरा-बारा लाख सहज लागतात. आठ लाखांचं लोन नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेसोळा हजार. दिवसभर बाबांजवळ थांबणाऱ्या ब्युरोच्या मामांचा महिन्याचा पगार जवळपास तेवढाच आहे! नवी गाडी घेतली असती तर मामांना सोडावं लागलं असतं, आणि मग त्या चकचकीत गाडीत बाबांना बसवायला आईच उरली असती, जिचे गुडघे आधीच गेलेत. तेव्हा बजेट ठरलं : गाडी पाच लाखांच्या आत आणि वर पन्नास हजार राखीव. जुन्या गाडीची किंमत म्हणजे मालकाला द्यायचे पैसे अधिक पहिल्या महिन्यात गॅरेजला द्यायचे पैसे. हे दुसरं कलम धरलं नाही, तर स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही.

खरं सांगायचं तर मला हवी होती इस्टेट. म्हणजे सेडानसारखीच गाडी, पण छप्पर मागपर्यंत नेलेलं, मागे मोठा दरवाजा आणि सपाट फ्लोअर. युरोपात चार पिशव्या, दोन पोरं आणि कुत्रा घेऊन फिरणाऱ्या घरांची ही हक्काची गाडी. आपल्याकडेही प्रयत्न झाले बरं का! टाटांनी १९९२ साली ‘इस्टेट’ याच नावाची गाडी आणली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, २००४ मध्ये इंडिगो मरिना आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली. एकही धड चालली नाही. आपल्या लोकांना डिकी वेगळी, बाहेर आलेली दिसायला हवी होती. तिच्यावर पैसे खर्च केलेत हे शेजाऱ्याला कळायला नको? इस्टेट बघून लोक विचारायचे, ‘अँब्युलन्स आहे का?’ आज त्यातली एखादी सापडलीच तर ती पंधरा वर्षांच्या रजिस्ट्रेशनच्या अलीकडे-पलीकडे असते. २०२२ पासून खासगी कारचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण सहाशेवरून पाच हजारांवर गेलंय, वर फिटनेस आणि पर्यावरण कर. शिवाय पार्ट शोधत फिरायचं. शौकीन माणसाने जरूर घ्यावी. आठवड्यातून तीन दिवस वेळेवर पोचायचं असेल तर नाही.

मग उरल्या एसयूव्ही आणि त्यांच्या चुलत बहिणी, म्हणजे एमपीव्ही. फिजिओच्या मॅडमनी इथे एक झकास युक्ती सांगितली. बाबांना आधार देऊन उभं करायचं. ते मागे सरकून ज्या उंचीवर अलगद टेकू शकतात ती उंची मोजायची. आम्ही आईच्या शिवणाच्या टेपवर लाल पेनाने तेवढी खूण केली. सीट खुणेच्या खाली असेल तर बाबा धपकन पडणार, वर असेल तर चढवावं लागणार. पुढचे दोन महिने तो टेप माझ्या खिशात होता. विकणारे मायलेज सांगायचे, अलॉय व्हील दाखवायचे आणि मी त्यांच्या सीटची उंची मोजायचो. दोघांनी तरी मला वेडात काढलं असणार.

या टेपने निम्मी लिस्ट एका रविवारी उडवली. स्कॉर्पिओ, सफारी, बोलेरो : दिसायला रुबाबदार, पण आत जायला पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागतो. धडधाकट माणूस उडी मारून बसतो. बाबांसाठी तो डोंगरच. डस्टरवर माझा जीव होता. २०१२ ते २०२२ पर्यंत विकली गेलेली ती पहिली डस्टर खड्ड्यांतून बोटीसारखी जाते आणि तिची डिकी चांगली ४७५ लिटरची. पण दाराचा उंबरा रुंद. बाबांचा उजवा पाय त्याच्यावरून काही जाईना. इकोस्पोर्टचा मागचा दरवाजा वर न उघडता बाजूला उघडतो, पाठीवर स्टेपनी घेऊन. आमच्या गल्लीत मागे दुसऱ्याची गाडी नाकाला नाक लावून उभी असते, तिथे तो उघडणार कसा? ब्रेझा बरीच जवळ आली. इनोव्हा तर सगळ्याच बाबतींत पास! फक्त आमच्या बजेटमध्ये जी मिळत होती ती दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेली. इनोव्हा त्यानंतरही पळते हे खरं, पण तिचं एकेक दुखणं काढायला पैसेही इनोव्हासारखेच लागतात.

आणि मग एर्टिगा. २०१२ साली ही गाडी आली तेव्हा मी तिला ‘टॅक्सी’ म्हणून नाक मुरडलं होतं. पण टेपची लाल खूण तिच्या पुढच्या सीटशी अचूक जुळली. उंबरा अरुंद, दार ऐसपैस उघडणारं. मागची तिसरी रांग आडवी केली की सपाट, लांबलचक फ्लोअर. अठरा किलोची घडी घातलेली खुर्ची कमरेच्या वर न उचलता आत सरकते. म्हणजे आपण जिला तीनदा-चारदा नापास केलं ती इस्टेटच की ही! सात सीटा दाखवून मारुतीने तीच गाडी आपल्या गळी उतरवली.

पेट्रोल की डिझेल, यावर कँटीनमध्ये अजून वाद चालू असेल. आमचं महिन्याचं रनिंग पाचशे किलोमीटर, तेही सगळं सिग्नल-टू-सिग्नल. इतक्या कमी चालण्यात डिझेलचं अ‍ॅव्हरेज काही कामाचं नाही. त्यातून एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो अधूनमधून हायवेवर सलग पळवून गरम केला नाही तर तुंबतो, आणि मग बिल बघून आपण गरम होतो. पेट्रोलचीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, रबरी पाइप आणि सील यांच्यावर नजर ठेवावी लागते. राखीव पन्नास हजारांत तेही धरलं.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त एसयूव्हींचा मोह मलाही झाला. तिकडे २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना रस्ता बंद झाला. २०२५ मध्ये कोर्टाने त्यात सवलत दिली, पण मधल्या वर्षांत कितीतरी गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. एजंट फोटो पाठवतो : चामड्याच्या सीटा, सनरूफ, किंमत इथल्यापेक्षा दीड लाखाने कमी! त्या दीड लाखात काय नाही ते तो सांगत नाही. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, बारा महिन्यांच्या आत इथलं रजिस्ट्रेशन, आणि चौदाशे किलोमीटर लांब असलेला मूळ मालक, ज्याला तुम्ही कधीच भेटणार नाही. एमएच पासिंगची गाडी एमएचमध्येच घेतली तर रोड टॅक्स पुन्हा भरायचा नसतो. आम्ही ‘फक्त एमएच-१२ आणि एमएच-१४’ असं ठरवून टाकलं आणि डोकं शांत झालं.

गाड्या बघण्याचे ते रविवार मात्र भन्नाट होते. सोबत आमचे गॅरेजवाले काका, एका गाडीमागे पाचशे रुपये आणि वर चहा. त्यांचा पहिला नियम असा की विकणाऱ्याने गाडी आधी चालू करून ठेवायची नाही. गेल्या गेल्या ते बॉनेटवर हात ठेवतात. गरम लागलं तर म्हणतात, ‘दादा, यांनी सकाळी गाडीला व्यायाम दिलाय.’ म्हणजे थंड इंजिन काय नाटक करतं ते आपल्याला दिसू नये! निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत लोण्यासारखा पांढुरका थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याचा संशय घ्यायचा. फ्रिजवरचं चुंबक पत्र्यावर फिरवायचं. एका जागी ते चिकटेना झालं की रंगाखाली पुट्टीचा थर आहे. बॉनेटच्या नटांवरचा रंग उडालेला असेल तर पाना कधीतरी लागलाय, आणि तो का लागला ते विचारायचं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. विकणारा ‘नवे टायर’ म्हणाला की मी खाली बसून ते वाचायचो.

एक चकाचक पांढरी एसयूव्ही बघितली. पॉलिश, नवे सीट कव्हर, आत मोगऱ्याचा परफ्यूम. काकांनी पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ! मग त्यांनी स्टेपनीखालचं कार्पेट उचललं, सीटच्या रुळांवरचा गंज दाखवला आणि काही न बोलता चालायला लागले. गाडी पुराच्या पाण्यात बसलेली होती. पुराच्या गाडीचं इंजिन सुधारता येतं. वायरिंग मात्र कधी, कुठे दगा देईल ते कुणीच सांगू शकत नाही. मोगरा कशासाठी होता ते तेव्हा कळलं.

दुसरी एर्टिगा मीटरवर ‘फक्त ३८ हजार’ होती. पण क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चमकणारं आणि ड्रायव्हर सीटची कड बसलेली. मालकाला म्हटलं, कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी काढून द्या. तो बरेच आढेवेढे घेऊन तयार झाला. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीतच ९१ हजार! शिवाय आरसीचा इतिहास बघितला तर गाडी आधी पिवळ्या पाटीची. टॅक्सीची खासगी करणं कायदेशीर आहे, त्यात गैर काही नाही. पण मग किंमतही टॅक्सीची सांगावी ना.

कागदांच्या बाबतीत मी स्वतः जास्त वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही. सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला की कितवा मालक, रजिस्ट्रेशन कधीपर्यंत, इन्शुरन्स आहे का, गाडीवर बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय टोकनचा रुपयाही द्यायचा नाही. ट्रॅफिकची थकलेली चलनं वेगळी तपासायची. आणि एक गोष्ट, जी बहुतेकजण बघतच नाहीत : इन्शुरन्स पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस. तो सलग पाच वर्षं एकही क्लेम न केल्यावर पन्नास टक्क्यांवर पोचतो. म्हणजे पन्नास टक्के दिसले तर गाडीने मोठी धडक बहुधा खाल्लेली नाही. पॉलिसी शून्यावर आलेली असेल, तर काय झालं होतं ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही; तो तुम्हाला मिळत नाही. एअरबॅगचंही तसंच. एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये ती असेलच असं नाही. बाबा पुढच्या सीटवर बसणार, तेव्हा दोन एअरबॅग नसलेली गाडी आम्ही आतून बघायलाही गेलो नाही.

अखेर गाडी मिळाली ती कोथरूडमध्ये. २०१६ ची पेट्रोल एर्टिगा, पहिलाच मालक, ६२ हजार किलोमीटर. नवरा-बायको दोघंही रिटायर्ड, मुलीकडे बंगळुरूला कायमचे चाललेले. रंग थोडा उडालेला, डाव्या दाराला गेटवर घासल्याचा ओरखडा. काकूंनी ओरखड्याची तारीख सांगितली! मग आतून एक वही आणून दिली. पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक पेट्रोल : तारीख, किलोमीटर, लिटर, अ‍ॅव्हरेज. प्रत्येक सर्व्हिसचं बिल स्टेपल केलेलं. मधे एका पानावर लाल शाईत ‘एसी थंड करत नाही, गॅस भरला’ आणि खाली ‘पुन्हा तेच, या वेळी गळती सापडली’. गॅरेजवाले काका पंधरा मिनिटं ती वही वाचत उभे होते. बॉनेट त्यांनी उघडलं, पण नंतर.

चांदणी चौकाच्या चढावर एसी लावून चालवून बघितली. इंजिन ठीक, पुढच्या सस्पेन्शनमधून स्पीडब्रेकरवर खटखट, टायर सात वर्षं जुने. ते सगळं काकांनी कागदावर मांडलं आणि किंमत पाच लाख तीस हजारांवरून चार लाख नव्वदवर आली. घासाघीस करताना आवाज कुणाचाच चढला नाही. कागद पुढे ठेवला की चढत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्यासमोरच सह्या झाल्या. ‘ट्रान्सफर सावकाश करू’ हे मी ऐकूनच घेतलं नसतं, पण काकूंनाच माझ्यापेक्षा घाई होती. त्यांचंही बरोबर आहे. नाव बदलेपर्यंत कुठे काही झालं तर नोटीस त्यांच्या दारात. नाव बदलायचा अर्ज तीस दिवसांच्या आत आणि इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायचा असतो. आम्ही दोन्ही कामं पहिल्याच आठवड्यात उरकली.

राखीव पन्नास हजारांतले ४६ गेले : चार टायर, बॅटरी, सस्पेन्शनची कामं, सगळी ऑइलं, कूलंट आणि दोन रबरी पाइप. बंपरचा रंग राहिलाय, तो राहू दे. तिसरी रांग कायमची आडवी आहे, तिथे खुर्ची असते आणि खुर्चीखाली आईची भाजीची पिशवी. कँटीनवाल्या मंडळींनी पेढे खाल्ले आणि गाडीला ‘टॅक्सी’ म्हटलं. त्यांचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे मी जास्त बोललो नाही.

आता मामा बाबांना उभं करतात, बाबा डाव्या हाताने दाराची कड धरतात, मागे सरकतात आणि टेकतात. मग मामा पाय आत घेतात. मी फक्त खुर्ची मागे टाकतो. गेल्या चार महिन्यांत खाडे दोन झाले, दोन्ही पावसामुळे. मागच्या शनिवारी सेंटरवरून निघालो तर बाबा म्हणाले, ‘जरा शाळेवरून घे.’ शाळा सुटायची वेळ होती, गेटसमोर ही गर्दी. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला मिळाली.